पाळण्याजवळचं मुंगूस

मुंगसाची गोष्ट ठाऊक नाही असं मराठी घर सापडणं अवघड. बाई पाण्याला जाते. घरात तान्हं बाळ आणि बाळाजवळ पाळलेलं मुंगूस. ती परत येते तर मुंगूस उंबऱ्यावर, तोंड रक्तानं माखलेलं. यानंच बाळाला खाल्लं असं वाटून बाई भरली घागर त्याच्यावर घालते. आत जाऊन बघते तर बाळ सुखरूप आहे आणि शेजारी सापाचे तुकडे पडलेत. मग ती ऊर बडवून घेते. आपण लहानपणी ही गोष्ट ऐकली, शाळेत वाचली आणि ‘अविचार करू नये’ हे तात्पर्य पाठ केलं.

आज त्या तात्पर्याच्या थोडं अलीकडे थांबू या. या गोष्टीत एक तान्हं मूल झोपलेलं आहे. ते जमिनीपासून किती उंचीवर झोपलंय? घरात साप कशासाठी आला? आणि मूल जनावराच्या भरवशावर टाकून जायची वेळ घरच्यांवर का आली? राजांच्या लढायांचा इतिहास आपण हौसेनं वाचतो. पण रात्री तान्ह्या मुलाला कुठे आणि कसं निजवायचं, यालाही काही हजार वर्षांचा इतिहास आहे. तो प्रत्येकाच्या घरातला आहे, म्हणूनच कदाचित कुणी फारसा लिहिला नाही.

गोष्ट मूळची पंचतंत्रातली. पाचव्या तंत्राचं नाव ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे न तपासता केलेलं काम. सहाव्या शतकात इराणच्या दरबारातला वैद्य बुर्झोय यानं हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं तो अरबीत आणला, ‘कलीला व दिम्ना’ या नावानं. तिथं मुंगसाच्या जागी मुंगसासारखाच एक छोटा, चपळ प्राणी आला. पुढं पंधराव्या शतकाच्या अखेरीस फारसीत ‘अन्वार-ए-सुहैली’ झाली. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, शाळेची भाषा उर्दू होती. त्यामुळे ही गोष्ट इथं दोन दारांनी आत येऊ शकली. एक दार आजीच्या मराठीचं, दुसरं मौलवीसाहेबांच्या फारसी-उर्दूचं.

युरोपातही ती पोचली. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाचं गाव आहे. तिथं गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्यानं लांडग्यापासून राजपुत्राचं बाळ वाचवलं आणि धन्यानं रक्त बघून त्यालाच मारलं, अशी कथा सांगतात. फ्रान्समध्ये ल्योंजवळ तेराव्या शतकात अशाच एका कुत्र्याच्या थडग्याशी आया आजारी लेकरं घेऊन जात. तिथल्या धर्मगुरूंना ते पटलं नाही आणि त्यांनी थडगं खणून काढलं. पण आयांच्या मनातली भीती खणून निघत नाही. मूल निजलेलं असताना त्याच्यावर नजर कुणाची, ही ती भीती. तिला भाषा नाही, धर्म नाही आणि मुलूखही नाही.

गोष्टीतला एक बदल मात्र नीट बघण्यासारखा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा घागर टाकणारी आई असते. पण हितोपदेशात मुंगसाला मारणारा बाप आहे आणि अरबी कथेतही बापच आहे. हितोपदेशात बायको आंघोळीला गेलेली. ब्राह्मण मुलाजवळ बसलेला. तेवढ्यात राजाकडून श्राद्धाचं बोलावणं येतं. आपण वेळेवर गेलो नाही तर दक्षिणा दुसराच कुणी घेऊन जाईल, या काळजीनं तो मुंगसाला राखणीला बसवून निघतो. म्हणजे पाळण्याजवळचं माणूस उठलं ते पोटासाठी. तात्पर्य सांगताना आपण अविचाराला दोष दिला आणि गरिबी विसरलो.

आता साप घरात का आला ते बघू. परभणीहून जिंतूरला जाताना आमचं बोरी लागतं. मराठवाड्यातल्या इतर गावांसारखीच इथलीही जुनी घरं. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, दाराशी ढाळज. एकाच छपराखाली माणसं, बैल, शेळ्या आणि कणगीतली ज्वारी. ज्वारीला उंदीर लागतो आणि उंदरामागं साप येतो. आपल्याकडची मण्यार तर रात्रीच फिरते. जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावली तरी पुष्कळदा फारशी वेदना होत नाही. म्हणून ते कळतही नाही. विंचवाचं वेगळंच. घरातल्या पडझडीच्या भिंती आणि गोवऱ्यांचा ढीग या त्याच्या जागा. लहान मुलाला विंचू चावला की हृदयावर ताण येऊन जीव जायचा. आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात काम करताना त्यावर प्राझोसिन हे औषध वापरलं. त्याचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याआधीच्या शेकडो वर्षांत आईजवळ एकच औषध होतं. मूल जमिनीवर ठेवायचं नाही.

पाळण्याची उंची इथून आली. तुळईला कडी, कडीला दोर आणि दोराला पाळणा. ज्यांना लाकडी पाळणा परवडत नसे त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बारसं असो की अकीका, पाळणा असो की झूला, नाव बदललं तरी तुळई आणि दोर तेच. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईची झोळी लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या फांदीला. पाळणा हा शब्द आपण पाळण्यात म्हणायच्या गाण्यालाही वापरतो. त्याचं कारणही घरगुतीच असावं. गाणं ऐकू येतंय तोवर मुलाजवळ कुणीतरी आहे, हे साऱ्या घराला कळत असे.

हे शहाणपण नुसतं बायकांच्या तोंडी नव्हतं, ग्रंथांतही होतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तान्ह्या मुलाच्या खोलीचं वर्णन आहे. खोली उजेडाची असावी. वाऱ्याचा झोत नसावा, पण हवा खेळती असावी. कुत्री, गुरं, दात असलेली जनावरं, उंदीर आणि किडे तिथं नसावेत, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. अंथरूण मऊ, हलकं आणि स्वच्छ हवं. घामानं, मलमूत्रानं खराब झालेलं टाकून द्यावं. दुसरं घेण्याची ऐपत नसेल तर तेच धुऊन, धूप देऊन, कोरडं करून वापरावं. गरिबाच्या घराचाही विचार त्या वैद्यानं केला होता. खेळण्यांबद्दलही नियम आहे. खेळणं जड नको, टोकदार नको, मुलाच्या तोंडात जाईल एवढं लहान नको आणि त्याला भिववणारंही नको. आजच्या खेळण्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना याहून फारशी वेगळी नसते.

अकराव्या शतकात इब्न सीनानं आपल्या ‘अल्-कानून’ या वैद्यकाच्या ग्रंथात तान्ह्या मुलाच्या झोपेवर लिहिलं. खोली फार गरम नको, फार गार नको. उजेड डोळ्यांवर येणारा नको. पाळण्यात मुलाचं अंग वेडंवाकडं वळू देऊ नये. हैदराबाद संस्थानातले हकीम याच ग्रंथाच्या परंपरेतले. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, रोममधला ग्रीक वैद्य सोरेनस सांगून गेला होता की दाईनं मुलाला आपल्या अंथरुणात घेऊन निजू नये. झोपेत तिचं अंग मुलावर पडेल. मुलाचा पाळणा तिच्या बिछान्याला लागून असावा.

ही दुसरी भीती. पहिली बाहेरून येणाऱ्या जनावराची, दुसरी जवळच्याच माणसाच्या झोपेची. सुलेमान बादशहाच्या न्यायाची गोष्ट आपण ऐकली असेल. एकाच मुलावर दोन बायका हक्क सांगतात. बायबलमध्ये दुसऱ्या बाईचं मूल गेलं ते आई रात्री झोपेत त्याच्यावर पडली म्हणून. हदीसमध्ये त्याच प्रसंगात मूल लांडग्यानं नेलंय. एकच न्याय, पण सांगणाऱ्यांनी मृत्यूची कारणं दोन दिली. निजलेल्या मुलाला असलेली ही दोन्ही संकटं माणसाला किती जुन्या काळापासून माहीत होती, ते यातून दिसतं. अठराव्या शतकात इटलीत फ्लॉरेन्सच्या दायांना मुलावर लाकडी कमान ठेवावी लागे, ती याच दुसऱ्या भीतीपोटी.

इथवर ऐकून कुणाला वाटेल की जुनं ते सगळं सोनं. तसं नाही. ‘अपरीक्षितकारक’ हा शब्द आजीलाही लागू आहे आणि डॉक्टरलाही.

आधी डॉक्टरांचं सांगतो. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक घरोघरी होतं. १९५८ च्या आवृत्तीत त्यांनी सांगितलं की मुलाला पालथं निजवणं चांगलं. उताणं मूल ओकलं तर घशात अडकेल, असा त्यांचा तर्क. तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण तो कुणी तपासला नव्हता. पाश्चात्त्य देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं पालथी निजू लागली आणि धडधाकट तान्ही मुलं रात्रीत, कारण न कळता, जाऊ लागली. १९८५ साली हाँगकाँगमधून एका डॉक्टरानं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की इथं असे मृत्यू फार थोडे आहेत आणि इथल्या आया मुलांना उताणं निजवतात. मग न्यूझीलंडमध्ये मोठी पाहणी झाली. १९९१ मध्ये ब्रिटननं आणि १९९४ मध्ये अमेरिकेनं मोहीम काढून आयांना सांगितलं की मुलाला पाठीवरच निजवा. असे मृत्यू काही वर्षांतच निम्म्यावर आणि त्याहूनही खाली आले. २००५ मध्ये जुन्या सगळ्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला गेला. पुरावा १९७० सालीच हाताशी होता. तो तेव्हा नीट बघितला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १० हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून निदान ५० हजार मुलं वाचली असती. घागर एका मुंगसावर पडली तर आपण दोन हजार वर्षं गोष्ट सांगतो. इथं एका न तपासलेल्या वाक्यानं एवढी मुलं नेली.

आता आजीचं. आपल्याकडे पाळण्यामुळं मूल आपसूक उताणं निजत आलं, ही चांगली गोष्ट. पण त्याच पाळण्यात डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात. आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, वर्षाच्या आतल्या मुलाला कुठलीच उशी नको. मऊ वाकळ, जाड दुपटं, कापसाची बाहुली हे तोंडावर आलं तर मुलाला हातानं बाजूला करता येत नाही. धुरीचंही तसंच. चरकानं धूप सांगितला तो कपड्यांना आणि अंथरुणाला. आपण ती ओव्याची, लसणाच्या सालीची धुरी मुलाच्याच नाकाखाली आणून ठेवली. बाळंतिणीच्या बाजेखाली पेटती शेगडी आणि खोलीची दारं बंद, ही रीत तर जिवावरची. निखाऱ्याचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. झोळीत मूल वाकून निजतं. हनुवटी छातीला लागली की श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून झोळीत झोका देऊन मूल निजलं की त्याला सपाट जागी ठेवावं. घरातलं थोरलं मूल रिकाम्या झोळीत खेळताना दोराचा पीळ गळ्याला बसू शकतो, त्याच्याकडेही बघायला हवं.

तपासून घेतलेलं शहाणपण कसं असतं, त्याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत काम केलं. नवजात मुलं घरातच जन्मत आणि घरातच जात होती. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवलं. त्या घरी जाऊन मुलाचं वजन करत, श्वास मोजत आणि अंग गार पडलंय का ते बघत. गार पडणाऱ्या लेकराला ऊबदार पिशवीत ठेवायला शिकवत. त्या गावांत नवजात मुलांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये हे जगापुढं आलं. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. पहिल्या ४२ दिवसांत सहा ते सात वेळा जायचं, ही पद्धत तिथूनच आली. घरात माणूस कमी पडतं तिथं गावानं एक माणूस पाठवायचं, एवढीच ती साधी कल्पना. मुंगसाच्या जागी शेजारची बाई आली.

आता जनावरांकडे येतो. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. त्यामुळं आज मुंगूस कुणी घरात पाळू शकत नाही. पण कुत्री-मांजरं पूर्वीपेक्षा जास्त घरांत आली, शहरात तर पलंगावर आली. प्रेमानं आली, याबद्दल तक्रार नाही. मांजराला ऊब आवडते आणि मुलाच्या अंथरुणाइतकी ऊब घरात दुसरीकडे नसते. ते वैरानं नाही, ऊब शोधत जातं आणि मुलाच्या तोंडाशी अंग चोरून निजतं. कुत्रं गुणी असलं तरी रडणारं, हातपाय झाडणारं हे नवं काय, ते त्याला कळत नाही. शिवाय आपल्याकडे पिसाळण्याचा धोका आहेच. म्हणून नियम एकच ठेवावा. मूल निजलंय त्या खोलीत जनावर आणि मूल दोघंच कधी असू नयेत, एक क्षणसुद्धा. जनावराची लस वेळेवर द्यावी. मूल घरात यायच्या आधीच जनावराला त्या खोलीबाहेर निजायची सवय लावावी. चावा काय, नुसता ओरखडा आला तरी जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

याच जागी ऑस्ट्रेलियातली एक खरी घटना सांगावी लागेल, कारण ती आपल्या गोष्टीची उलटी बाजू आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू इथं तंबूत निजलेली अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, लेकरू नेलं असं आई लिंडी ओरडून सांगत होती. लोकांना ते खरं वाटलं नाही. आई हवी तशी रडत नाही, असं वर्तमानपत्रं लिहू लागली. मोटारीत बाळाच्या रक्ताचे डाग सापडल्याचं कोर्टात सांगितलं गेलं आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये मुलीचं जाकीट डिंगोंच्या वस्तीजवळ मिळालं तेव्हा ती सुटली. रक्त म्हणून दाखवलेले ते डाग मोटारीतला आवाज दबावा म्हणून फवारलेल्या रसायनाचे निघाले. डिंगोनंच नेलं, हा अखेरचा निर्णय यायला २०१२ साल उजाडलं. तिकडं रक्त बघून निर्दोष मुंगूस गेलं, इकडं रक्त समजून निर्दोष आईची वर्षं गेली.

मूल गेलं की आपणही पहिलं बोट आईकडे करतो. ‘लक्ष नव्हतं तिचं’ हे वाक्य गावात किती सहज बोललं जातं. हिरकणीची कथा आपण अभिमानानं सांगतो. गडाचे दरवाजे मिटले, तान्हं बाळ घरी होतं, म्हणून ती कडा उतरून गेली. पण दूध विकायला गड चढणाऱ्या त्या बाईच्या घरी संध्याकाळी बाळाजवळ बसायला कुणी का नव्हतं, हे आपण विचारत नाही. आपल्या परभणी-बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तान्हं आजही पाचटाच्या कोपीत जमिनीवर निजतं. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यात कामावर पाच किंवा त्याहून जास्त लहान मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आली होती. ज्यांनी रोजगार हमीची कामं पाहिली आहेत त्यांनी आठवून बघावं, मुलं सांभाळणारी ती बाई किती कामांवर दिसली. ‘पाळणाघर’ हा सुरेख शब्द आपल्या भाषेनं केला. तो शहरात राहिला, फडावर आणि बांधावर पोचला नाही.

म्हणून घरात तान्हं मूल असेल तर आज रात्री एवढं करावं. मूल पाठीवर निजवावं. गादी सपाट आणि घट्ट असावी. उशी, जाड पांघरूण, खेळणी काढून ठेवावीत. मूल आईच्या हाताच्या अंतरावर, पण जमेल तर स्वतःच्या जागेवर असावं. त्याच्याशेजारी बिडी-सिगारेट ओढणारा किंवा दारू घेतलेला माणूस निजू नये, दोन थोरल्या भावंडांच्या मधेही त्याला घालू नये. जमिनीवर निजावंच लागत असेल तर मच्छरदाणी ताणून लावावी आणि तिची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी. धान्य निजायच्या खोलीत ठेवू नये. मांजर बाहेर, दार ओढलेलं. आणि घरातल्या पुरुषांनी हे ऐकून बायकोला सांगू नये, स्वतः करावं. हितोपदेशातली राखण बापाकडेच होती.